ऐकणाऱ्याचं कोण ऐकतं?

बोईसर स्टेशनच्या पूर्वेला, चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या बाजूला बेटेगाव आहे. स्टेशनपलीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत. तिथे औषधांचे, रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. पूर्वेकडे पाडे, भातशेती आणि ताडाची झाडे. मधल्या पट्ट्यात चाळी आणि नव्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत वारली आणि कुणबी कुटुंबांच्या शेजारी उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशाहून आलेले कंत्राटी कामगार राहतात. अशा गावात उद्या एखादा व्यसनमुक्ती समुपदेशक टेबल-खुर्ची मांडून बसला, तर त्याच्यापुढे काय काय येईल?

पहिल्यांदा दारू येईल, पण तीही एका जातीची नाही. दुकानातली चपटी, भट्टीची गावठी, मोहाची, आणि सकाळी झाडावरून उतरवलेली ताडी. उत्तरेला दारूबंदीचा गुजरात, आणि त्याला खेटूनच दमण आणि सिल्वासा. तिथे दारू स्वस्त, त्यामुळे चोरट्या मालाचा रस्ताही याच जिल्ह्यातून जातो. दारूमागोमाग तंबाखू, मशेरी आणि महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असूनही हातोहात मिळणारा गुटखा. तरुणांत गांजा, ‘बटन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन. हे रसायन २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. खुर्चीवर बसलेल्याला यातल्या प्रत्येकाची वेगळी चाल ओळखावी लागते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे ५.७ कोटींहून जास्त. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलीतरी मदत मिळाली होती. उरलेल्या ३७ जणांसाठी मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार? ते शहरांतच अपुरे पडतात. मग हे काम करणार कोण, आणि त्याला ते शिकवणार कोण?

या व्यवसायाचा उगम विद्यापीठात झालेला नाही. बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १९१० च्या दशकात कोर्टनी बेलर नावाचा गृहस्थ दारूतून बाहेर पडला आणि तिथेच इतरांना सोडवण्यासाठी पगारावर राहिला. १९५४ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने विलमर इथल्या सरकारी रुग्णालयासाठी मद्यपाश समुपदेशक हे पद सरकारी नोकरीत आणले. ती पदे स्वतः दारूतून सुटलेल्यांना मिळाली. पांढऱ्या कोटातल्या माणसाला जे सांगायला रुग्ण कचरतो, ते तो आपल्यातल्याला सांगतो, हे तिथल्या डॉक्टरांनी पाहिले होते.

आपल्याकडेही तसेच घडले. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याला व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केले. बेटेगावच्या माणसाला लोकलने जवळ पडणाऱ्या वसईतही कृपाचे काम आहे. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या मुलांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची घडी बसवली डॉ. सुनंदा अवचट यांनी. त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. बरे झालेल्या रुग्णांना त्यांनी हळूहळू कामात ओढले. आज मुक्तांगणमध्ये समुपदेशन करणाऱ्यांत एकेकाळी तिथेच दाखल झालेले अनेक जण आहेत. टर्की म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. गर्द बंद झाल्यावर हाडे कशी मोडून येतात, नाक-डोळे कसे गळतात, रात्र कशी सरत नाही, हे त्यांनी अंगावर काढलेले असते.

पण ज्याने स्वतः भोगले तोच शिकवू शकतो, असे धरून चालले तर गाडी रुतते. दारूतून सुटलेल्या माणसाला आपली वाट हीच एकमेव वाट वाटू लागते. ‘मी असा सुटलो, तूही असाच सुट.’ समोरच्याची नोकरी वेगळी, बायको वेगळी, कर्ज वेगळे, हे त्याला ऐकूच येत नाही. न पिणाऱ्या शिकलेल्या समुपदेशकाची अडचण वेगळी. त्याला आधीच सगळे माहीत असते, म्हणून तो बोलत सुटतो. शिक्षण दोघांनाही लागते, फक्त प्रत्येकाला मोडायची सवय वेगळी असते.

शिक्षणाची सुरुवात शरीरापासून होते, आणि हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनाशी होते, ताप चढतो. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. घरचे समजतात की बाहेरची बाधा झाली, आणि भगताकडे नेतात. अशा वेळी समुपदेशकाकडून अपेक्षा एकच असते. त्याने बोलणे थांबवून गाडी मागवावी आणि रुग्णाला दवाखान्यात पोचवावे. तिथे डॉक्टर शामक औषधे देतात आणि थायामिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. वर्षानुवर्षे पिऊन उपाशी राहिलेल्या शरीरात ते संपत आलेले असते आणि त्याअभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘मनाने घट्ट हो, आजपासून बंद’ असा सल्ला अशा रुग्णाला देणे धोक्याचे आहे. ज्याने हा धडा घेतला नाही, त्याने बाकी कितीही गोड बोलायला शिकले तरी त्याला खुर्चीवर बसवू नये.

दुसरा धडा मोजण्याचा. ‘किती पिता?’ या प्रश्नाला ‘थोडीशी’ याखेरीज उत्तर मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिचे गुण शून्य ते चाळीस. आठपासून धोका सुरू होतो, वीसपासून पुढे माणूस दारूवर अवलंबून असण्याची दाट शक्यता. ती भरायची तर पेग एका मापात आणावे लागतात. ते माप म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के लिहिलेले असते, म्हणजे ७७ मिली अल्कोहोल, वजनात सुमारे ६१ ग्रॅम. एक क्वार्टर म्हणजे सहा मापे. रोज ‘फक्त एक क्वार्टर’ घेणारा गृहस्थ आठवड्याला बेचाळीस मापे रिचवतो, हा हिशेब कागदावर त्याच्याच हाताने करायला लावला की काही जण गप्प होतात.

ताडीपुढे मात्र हे गणित लंगडे पडते. झाडावरून उतरवली तेव्हा गोड असलेली ताडी दुपारपर्यंत आंबून चढू लागते, म्हणजे एकाच मडक्यातला सकाळचा ग्लास आणि संध्याकाळचा ग्लास सारखा नसतो. इथल्या समुपदेशकाने ‘किती’बरोबर ‘किती वाजता’ हेही विचारायला हवे. शिवाय काही ठिकाणी विकत मिळणाऱ्या ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायने मिसळलेली सापडतात. तशी ताडी रोज पिणाऱ्याने ती अचानक सोडली तर त्यालाही फिट येऊ शकते. ‘ताडीच ती, सोडली तर काय होतंय’ असे म्हणणारा समुपदेशक इथे रुग्णाला गोत्यात आणील.

आणि ताडी-दारू इथे नुसती नशा नाही. वारली समाजात लग्नकार्यात आणि पितरांच्या विधीत तिला मान आहे, देवापुढे ती आधी सांडावी लागते. बाहेरून आलेल्याने या रीतीला नाक मुरडले की संवाद तिथेच तुटला. देवाला वाहायची आणि आपण न पिता बाजूला व्हायचे, हे जमेल का, कोणत्या मामा-काकाला आधी सांगून ठेवावे लागेल, अशी बोलणी त्यातून निघू शकतात. ॲलन मार्लेट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये पुन्हा घसरण्याच्या प्रसंगांवर जे पुस्तक संपादित केले, त्याचा गाभा असा की घसरणीचे प्रसंग आधी ओळखता येतात आणि त्यांची तयारी करता येते. बेटेगावचे कॅलेंडर घेतले तर ते प्रसंग बोटाने दाखवता येतील: पगाराची तारीख, गटारी, होळी, लग्नसराई, ठेकेदाराने पार्टी दिलेली रात्र.

आता मुख्य कौशल्याकडे, म्हणजे बोलण्याकडे. प्रशिक्षणात एक समुपदेशक होतो, दुसरा रुग्ण, बाकीचे पाहतात. पहिली फेरी बहुधा अशी जाते:

‘किती पिता रोज?’

‘रोज नाय साहेब. कधीमधी. पगार झाला की.’

‘बायको तर म्हणते रोज.’

‘तिचं काय, ती म्हणणारच.’

‘दारूने लिव्हर जातं, ठाऊक आहे ना? मुलांचा तरी विचार करा.’

‘हो साहेब. सोडणार. एक तारखेपासून बंद.’

समुपदेशक खूश. रुग्णाने वचन दिले, वहीत नोंद झाली. असली वचने घरात, पंचायतीत, पोलीस चौकीत त्याने आधीच डझनावारी दिलेली असतात, आणि या टेबलावरून लवकर सुटायचा तोच सोपा रस्ता आहे. मग शिकवणारा तीच जोडी पुन्हा बसवतो आणि सांगतो, या वेळी सल्ला द्यायचा नाही.

‘दादा, आज इथे यायचं कसं ठरलं?’

‘मी कुठं ठरवलं? बायकोनं आणलं.’

‘म्हणजे मनात नव्हतं, तरी आलात.’

‘हां. ती पोरांना घेऊन माहेरी जाते म्हणते. वाड्याला.’

‘आणि ते तुम्हाला नको आहे.’

‘कुणाला पायजेल? धाकटी माझी वाट बघत जागी असते, सेकंड शिफ्टवरनं येईस्तोवर. हल्ली वास आला का तोंड फिरवते.’

लिव्हरचे नावही निघाले नाही. दारू नको असण्याचे कारण रुग्णाच्या तोंडून निघाले, आणि समुपदेशकाने दोनदा फक्त त्याचेच म्हणणे त्याच्यापुढे ठेवले. या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर १९८२ मध्ये नॉर्वेत बर्गनजवळच्या एका व्यसनोपचार केंद्रात गेले होते. तिथली तरुण मंडळी त्यांच्यापुढे रुग्ण होऊन बसायची आणि मध्येच अडवायची: आता हेच का विचारलंत? तेच का नाही? त्या उलटतपासणीत मिलर यांना आपण नकळत काय करतो ते शब्दांत मांडावे लागले, आणि १९८३ मध्ये त्यावरचा पहिला लेख आला. पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबरचे पुस्तक १९९१ मध्ये निघाले.

त्याआधीच्या काळात उलटा रिवाज होता. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सिनॅनॉन या संस्थेत व्यसनी माणसाला गोल करून बसलेल्या मंडळींनी तासन्‌तास फैलावर घ्यायचे, त्याचा ‘खोटेपणा’ फोडून काढायचा, अशी पद्धत होती. जगभरच्या अनेक केंद्रांनी तिची नक्कल केली. मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की समुपदेशक जितका अंगावर जाई, तितका तो रुग्ण वर्षभरानंतर जास्त पीत असे. आपल्याकडे अंगावर जाण्याची पद्धत परदेशातून आणावी लागली नाही. दारुड्याला चार शब्द सुनावणे हे आपण गावकीचे कर्तव्यच समजतो, आणि काही ठिकाणी शब्दांवर थांबतही नाही. मारहाण करणारी, साखळीने बांधणारी ‘केंद्रे’ अधूनमधून बातम्यांत येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही आजाराच्या व्याख्येत घेतल्या आणि रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली. समुपदेशकाच्या अभ्यासक्रमात हा कायदा असतो, असायलाच हवा.

त्याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला. बोईसरसारख्या ठिकाणी हे फार अवघड जाते. समुपदेशक आणि रुग्ण एकाच रिक्षातून येतात. ठेकेदार फोन करून सहज विचारतो, ‘तो आमचा माणूस येतो ना तुमच्याकडे? काय म्हणतो?’ ‘कोण येतं, कोण नाही, ते मी सांगत नाही’ हे उत्तर हसत, न चिडता आणि दर वेळी तसेच देता येण्यासाठी सराव लागतो. तो वर्गात मोठ्याने करून घ्यावा लागतो. अमली पदार्थांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक हवी. थोड्या मालासह पकडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पूर्ण केले, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे ६४-अ कलम त्याला खटल्यातून सूट देते. कित्येक आईबाप पोलिसांच्या भीतीने मुलाला केंद्रात आणतच नाहीत.

हे सगळे शिकवण्याची सोय देशात आहे. राष्ट्रीय समाजरक्षा संस्था अभ्यासक्रम चालवते, आणि पश्चिम भागासाठी प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र म्हणून मुक्तांगणने इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे शिकवले आहे. कोलंबो प्लॅनच्या पुढाकाराने तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या पायाभूत पातळीत आठ भाग आहेत. मेंदू आणि औषधे यांपासून नीतिनियमांपर्यंत सगळे त्यात येते, आणि पुढे परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याने समुपदेशकांचीही नोंद घेतली. कागद पुष्कळ झाले. पण कागद मिळाल्यावर माणूस खोलीत दार लावून रुग्णाशी नेमके काय बोलतो, हे पाहायला कोणी जात नाही, आणि माझ्या मते या व्यवसायाचे खरे दुखणे तिथे आहे.

याला पुरावा आहे. मिलर आणि कॅथलीन माउंट यांनी २००१ मध्ये एका कार्यशाळेचा परिणाम तपासला. शिकून गेलेल्यांनी लिहून दिले की आमच्यात मोठा बदल झाला. त्यांच्या मुलाखतींच्या टेप ऐकल्या तेव्हा बदल माफक निघाला, आणि समोर बसलेल्यांच्या बोलण्यात तर फरकच नव्हता. त्यानंतर २००४ मध्ये १४० व्यावसायिकांवर मोठा प्रयोग झाला. ज्यांना कार्यशाळेनंतर टेपवर अभिप्राय किंवा फोनवर मार्गदर्शन मिळत राहिले, त्यांचे कौशल्य नुसती कार्यशाळा केलेल्यांपेक्षा वर गेले. पोहणे काठावरच्या व्याख्यानाने येत नाही, तसेच हे. माणसाला स्वतःचे बोलणे ऐकू येत नाही. ते दुसऱ्याने ऐकून सांगावे लागते.

हे परवडेल का, ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळते. संगत या संस्थेतल्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ऑडिटवर १२ ते १९ गुण पडलेल्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. उरलेल्यांना त्याशिवाय जास्तीत जास्त चार बैठकींचे समुपदेशन, तेही मानसिक आरोग्याचे कसलेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांकडून. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, दुसऱ्या गटात २६ टक्के. आधीच्या दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, तिकडे १८ टक्के. वर्षानंतरही हा फरक टिकलेला होता. मात्र जे पीत राहिले, त्यांच्या पिण्याचे प्रमाण समुपदेशनाने घटलेले दिसले नाही, आणि दारूवर पूर्ण अवलंबून झालेले रुग्ण या प्रयोगात नव्हतेच. त्यांना डॉक्टर लागतो.

निकालाइतकीच त्यांची शिकवण्याची पद्धत लक्षात ठेवावी अशी. वर्गातले दिवस थोडे, मग उमेदवारी. परवानगी घेऊन बैठकी ध्वनिमुद्रित करायच्या. आठवड्याला सगळ्यांनी एकत्र जमायचे, एकाची टेप लावायची, आणि ठरलेल्या तक्त्यावर प्रत्येकाने गुण द्यायचे: प्रश्न मोकळा होता का, सल्ला देण्याआधी विचारले का, शेवटी पुढचे पाऊल ठरले का. सुरुवातीला तज्ज्ञ हजर असत. पुढे सहकारीच एकमेकांना तपासू लागले, आणि त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत.

अशा बैठकीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. स्वतः व्यसनातून सुटलेला समुपदेशक दिवसभर दारूच्याच गोष्टी ऐकतो. त्याचा रुग्ण पुन्हा पिऊन आला की त्याला ती आपली हार वाटते, आणि कधी त्याचाच पाय घसरतो. चार सहकारी दर आठवड्याला त्याचा आवाज ऐकत असतील, तर तो चिडचिडा झालाय, घाई करतोय, उपदेशावर उतरलाय, हे बाटली हातात येण्याच्या खूप आधी त्यांना कळते.

बेटेगावसाठी यातले काय लागेल? दोन-तीन माणसे, त्यांत एक तरी वारली बोलणारी आणि एक हिंदी-भोजपुरी समजणारी. शक्यतो एक बाई हवी, कारण मशेरीबद्दल आणि नवऱ्याच्या माराबद्दल बाया पुरुषापुढे तोंड उघडत नाहीत. मुक्तांगणने रुग्णांच्या बायकांसाठी सहचरी गट उभा केला आहे. फिट आलेल्याला कोणत्या दवाखान्यात न्यायचे, हे आधी ठरवलेले हवे. रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. महिन्यातून एकदा पुण्याहून किंवा वसईहून कोणी जाणते माणूस फोनवर टेप ऐकेल, एवढी व्यवस्था. अडेल ते वेळेपाशी. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत सगळे रुग्ण एका वेळी मोकळे कधीच नसतात, म्हणून त्यांच्या गटाची बैठक दिवसपाळीवाल्यांसाठी एकदा आणि रातपाळीवाल्यांसाठी एकदा घ्यावी लागेल, आणि पगाराच्या आठवड्यात ती पगाराच्या आदल्या दिवशी.